दुचाकी वाहनांचे सुकाणू-दोष व त्यांचे निदान

मोटारसायकल, स्कूटर इ. यंत्रचलित दुचाकी वाहनांत हँडल थरथरणे, वाहन एका बाजूस ओढले जाणे, वळणावर ते हेलकावणे किंवा हँडल जड होणे या विकारांना सुकाणू-दोष म्हणतात. त्यांची जाणीव चालकास तळहातांतून होत असल्याने कारणही पुढील चाकात वा हँडलमध्येच असले पाहिजे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः पुष्कळदा ते मागील चाकात असते. या गोष्टीचे समाधानकारक गणित मांडले जाण्यास मोटारसायकलच्या जन्मानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला.

गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या एंजिनयुक्त लाकडी दुचाकीला दोन्ही बाजूंस आधाराची लहान चाके होती. तोलाविषयीची धास्ती त्यांतून उघड दिसते. केंब्रिज येथील एफ. जे. डब्ल्यू. व्हिपल यांनी १८९९ मध्ये सायकलच्या गतीची समीकरणे मांडून ती ठराविक वेगमर्यादेत आपोआप तोल राखू शकते, असे दाखविले. वाहने बांधणाऱ्यांची भिस्त मात्र अनुभवावर होती. हँडल ज्या तिरप्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष खाली वाढविल्यास जमिनीला जेथे मिळेल, त्या बिंदूच्या किंचित मागे पुढील चाक जमिनीस टेकते. या अंतरास ‘ट्रेल’ म्हणतात व बहुतेक मोटारसायकलींत ते सु. ८० ते १२० मिमी. असते. त्यामुळे चाक सरळ दिशेस ओढले जाते. ते फार वाढविल्यास हँडल जड होते. थरथर थांबविण्यासाठी जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या हँडलच्या मध्यावर पिळून आवळण्याचा घर्षण-शामक बसवीत. त्याने कंप दबे, कारण मात्र तसेच राही. तो उपचार होता, निदान नव्हे.

निदानाची दिशा बदलण्यास सांगाड्याच्या सुधारणेने मोठा हातभार लावला. बेलफास्टच्या मकँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी नळ्यांच्या दुहेरी पाळण्याचा, पीळ न खाणारा सांगाडा तयार केला. त्यात मागील चाक खिळीभोवती वरखाली होणाऱ्या चिमट्यात धरलेले होते. १९५० मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत जेफ ड्यूक यांनी याच सांगाड्याच्या मोटारसायकलीवर विजय मिळविला आणि सुकाणूचा प्रश्न हँडलपुरता नसून सबंध सांगाड्याचा आहे, हे ठळकपणे पुढे आले. त्यास शास्त्रीय बैठक रॉबिन शार्प यांच्या १९७१ च्या निबंधाने दिली. टायरची बाजूची पकड क्षणभर उशिरा निर्माण होते, हे गृहीत धरून त्यांनी तीन प्रकार वेगळे केले : वाहन हळूहळू कलून पडणे, हँडलची जलद थरथर (सेकंदास सु. ६ ते १० आवर्तने) आणि सबंध वाहनाचे मंद हेलकावे (सेकंदास सु. २ ते ४). थरथरीचा संबंध मुख्यतः पुढील भागाशी असतो. हेलकावे वेगाबरोबर वाढतात. त्यांचा संबंध मागील चाक, चिमटा व मागील भार यांच्याशी असतो. मागील आसाच्याही मागे दुधाचे कॅन लटकविलेली मोटारसायकल वेगात वळवळू लागते, ती यामुळेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर समोर आला तो स्कूटरच्या रूपाने. बजाज ऑटो कंपनीने १९६० च्या दशकात पियाजो या इटालियन कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर बनविली. हा करार १९७१ मध्ये संपला व १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. मूळ व्हेस्पाचे रचनाकार कोरादीनो दास्कान्यो हे विमानविद्येतील अभियंते होते व पुढील चाक एकाच बाजूने धरण्याची पद्धत त्यांनी विमानाच्या चाकांवरून घेतली होती. चाके अवघी ८ किंवा १० इंचांच्या रिमची आणि एंजिन उजव्या अंगास, म्हणून मधल्या रेषेबाहेरचे हे वजन तोलण्यासाठी स्कूटर किंचित डावीकडे कललेली चालते. हा रचनेचा गुणधर्म आहे, बिघाड नव्हे. तो ‘दुरुस्त’ करण्याच्या नादात चांगला पुढचा दांडा वाकविण्यात अर्थ नसतो. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या लँब्रेटा स्कूटरचे एंजिन मधोमध असल्याने तिच्यात हा कल एवढा जाणवत नसे.

गॅरेजमध्ये ग्राहकाने हँडल हलते असे म्हणताच पुढील ‘कोनसेट’ आवळण्याची रीत आहे. तो गरजेपेक्षा जास्त आवळला, तर कमी वेगातही वाहन सापासारखे चालते आणि एका दोषाचे दोन होतात. क्रम उलटा हवा : आधी टायरची हवा व झीज, मग रिम ‘आउट’ आहे काय व स्पोक सैल आहेत काय, मग दोन्ही चाके एका रेषेत आहेत काय. साखळी ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा जुळविल्या नाहीत, तर मागील चाक तिरके बसते. वाहन बाजूस ओढते आणि दोष हँडलला दिला जातो. त्यानंतर चिमट्याच्या बुशांतील ढिलाई पाहावी. कोनसेट शेवटी : पुढील चाक उचलून हँडल सावकाश फिरविताना मध्यावर खाच लागल्यास गोळ्यांचे कडे झिजले, असे समजावे.

नागपूरसारख्या शहरात याखेरीज दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. प्रतापनगरसारख्या वस्त्यांत सिमेंटचा रस्ता व कडेची फरशी यांच्या सांध्यात उंचीचा फरक असल्यास चाक त्या कडेला लागून ओढले जाते. वाहन निर्दोष असूनही चालकास ते सदोष वाटते. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. २३ मे २०१३ रोजी येथे ४७·९° से. तापमान नोंदले गेले. तापमानात १०° से. फरक पडला की टायरमधील दाब दर चौरस इंचास सु. दीड पौंडाने बदलतो. भर दुपारी तापलेल्या टायरात मोजून भरलेली हवा पहाटे कमी भरते. दाब टायर थंड असतानाच मोजावा लागतो.

भारतात २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ७४,८९७ दुचाकीस्वार होते. त्यांत सुकाणू-दोषाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते, कारण पडताना दांडा वाकतो, रिम चेपते, आणि आधीचा दोष कोणता व आघाताने झालेला कोणता, हे नंतर सांगता येत नाही.