खिशातील खटक्याचा चाकू

बोरूने लिहिण्याची चाल होती तोवर चाकू हे कारकुनाचे आणि विद्यार्थ्याचे साधन होते. बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तासावे लागे. त्यामुळे दौत आणि लेखणी यांच्या जोडीला चाकू हा असावयाचाच. युरोपात पिसाच्या लेखणीची गोष्ट हीच होती, आणि खिशातल्या लहान चाकूला इंग्रजीत आजही ‘पेननाइफ’, म्हणजे लेखणीचा चाकू, असेच म्हणतात. असे असता याच घराण्यातील एका चाकूवर विसाव्या शतकात अनेक देशांच्या कायद्यांनी निर्बंध घातले, आणि ज्याच्या खिशात तो सापडला त्याला पुष्कळदा न्यायाधीशापुढे उभे राहावे लागले. बटण दाबताच आपोआप उघडणारा खटक्याचा चाकू तो हाच. हा चाकू रोज खिशात बाळगणे कितपत सोयीचे आणि कितपत धोक्याचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे त्यात माणसाच्या स्वभावाचा आणि कायद्याच्या मर्यादांचाही विचार करावा लागतो.

मिटणारा चाकू फार जुना आहे. रोमन काळातील असे चाकू युरोपातील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. खिशातल्या साध्या चाकूत मुठीच्या पाठीशी एक पोलादी कमान असते. पाते मिटलेले असले म्हणजे ही कमान त्याला मिटलेलेच ठेवू पाहते. एका हाताने मूठ धरावी, दुसऱ्या हाताचे नख पात्यावरील खाचेत घालावे आणि ओढावे, तेव्हा कोठे पाते बाहेर येते. खटक्याच्या चाकूतील योजना याच्या नेमकी उलट आहे. त्यातील कमान पाते मिटताना ताणली जाते आणि मग ते सतत बाहेर ढकलीत राहते. पात्याच्या मुळाशी एका खाचेत बटणाची खुंटी अडकलेली असते, एवढाच काय तो अडसर. बटण दाबले की खुंटी सुटते, पाते फिरून उघडते आणि खुंटी दुसऱ्या खाचेत बसून त्याला घट्ट धरते. थोडक्यात, साध्या चाकूची कमान मिटण्याच्या बाजूची असते, तर खटक्याच्या चाकूची उघडण्याच्या बाजूची. पुढील सर्व वादाचे मूळ या एका फरकात आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. कमानीने उघडणारे चाकू तेथे एकोणिसाव्या शतकात बनत होते. परंतु त्यांना सामान्य माणसाच्या खिशापर्यंत नेण्याचे श्रेय अमेरिकेतील जॉर्ज श्रेड या कारागिराकडे जाते. १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याने बटणाच्या चाकूचा हक्क नोंदविला आणि न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डन या गावी ते चाकू बनू लागले. पुढे १९०४ मध्ये त्याच गावी श्रेड बंधूंची कंपनी उभी राहिली. त्या काळात या चाकूला कोणी गुंडाचे हत्यार म्हणत नसे. शेतकरी, शिकारी आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया हे त्याचे गिऱ्हाईक होते, आणि पाते ओढताना नखे मोडत नाहीत, हा त्याचा एक गुण मानला जाई.

दुसऱ्या महायुद्धाने या चाकूची खरी उपयुक्तता सिद्ध केली. विमानातून छत्रीने उडी घेणारा सैनिक झाडात अडकला, किंवा छत्रीच्या दोऱ्यांत गुरफटला, तर त्याचा एक हात बहुधा गुंतलेला असतो. दोन्ही हातांनी चाकू उघडण्याची सवड त्याला नसते. म्हणून अमेरिकन सैन्याने आपल्या छत्रीधारी सैनिकांना ‘एम-२’ नावाचा खटक्याचा चाकू दिला. जर्मन छत्रीधारी सैनिकांजवळ त्यापूर्वीच कळ दाबून मूठ खाली झुकविताच स्वतःच्या वजनाने पाते बाहेर पडणारा चाकू होता. या दोन्ही चाकूंचा हेतू दोरी कापून जीव वाचविणे हा होता.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. इटलीत राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी तेथील खटक्याचे चाकू आठवण म्हणून घरी आणले. इटलीच्या ईशान्य भागातील मानियागो हे गाव या धंद्याचे जुने केंद्र. या इटालियन चाकूंचे पाते लांब, अरुंद आणि अणकुचीदार असे. फळ चिरावयास किंवा दोरी कापावयास ते फारसे सोयीचे नव्हते. भोसकण्यास मात्र होते. दिसावयास रुबाबदार असल्याने शहरांतील तरुण पोरांना त्यांची भुरळ पडली. नोव्हेंबर १९५० मध्ये अमेरिकेतील एका महिला मासिकात या चाकूंवर एक लेख आला. ‘जीव घेणारे खेळणे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्या लेखाने आईबापांच्या मनात धडकी भरविली. त्यापाठोपाठ चित्रपट आले. १९५५ सालच्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या चित्रपटात शाळकरी तरुणांची झुंज याच चाकूंनी होते. १९५७ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या चित्रपटात तर खटल्याचा मुख्य पुरावाच खटक्याचा चाकू आहे. हीच कथा हिंदीत ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने १९८६ मध्ये आली आणि आपल्याकडील पुष्कळांनी पाहिली. वृत्तपत्र आणि पडदा या दोहोंनी मिळून या चाकूला एक चेहरा दिला, आणि तो चेहरा बिघडलेल्या तरुणाचा होता.

मग कायदे होऊ लागले. न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बंदी घातली. १२ ऑगस्ट १९५८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा कायदा झाला. त्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा या चाकूंचा व्यापार बंद केला आणि त्यासाठी २,००० डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. ब्रिटनने १९५९ मध्ये असे चाकू बनविणे व विकणे यांवर बंदी आणली.

१९५८ च्या त्या अमेरिकन कायद्यात एक लहानसे कलम आहे. ज्या माणसाला एकच हात आहे, त्याने ३ इंच किंवा त्याहून कमी लांबीच्या पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगल्यास त्याला त्या कायद्याची आडकाठी नाही. भीतीच्या भरात केलेल्या कायद्यातही कायदेकर्त्यांना हे विसरता आले नाही की, ज्याचा दुसरा हात मोकळा नाही त्याला या चाकूची खरी गरज असते. या कलमातच प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते.

प्रथम लाभाची बाजू पाहू. एका हाताने दोर धरलेला नाखवा, शिडीवर चढलेला तारकाम करणारा कामगार, अपघातात सापडलेल्याला सोडविणारा मदतनीस, आणि हाताला अपंगत्व आलेला कोणीही माणूस, या सर्वांना एका हाताने उघडणारे पाते म्हणजे मोठीच सोय आहे. त्यांच्या बाबतीत वाचलेले दोन क्षणही मोलाचे ठरू शकतात. या माणसांना ‘हे हत्यार कशाला बाळगता’ असे दरडावून विचारणे अन्यायाचे होईल.

आता दुसरी बाजू. ज्या चाकूची कमान अष्टौप्रहर पाते बाहेर ढकलीत असते, तो खिशात ठेवणे म्हणजे एका बारीकशा खुंटीवर विश्वास टाकणे होय. खुंटी झिजली किंवा खिशातील किल्लीने बटण दाबले गेले, तर पाते खिशातच उघडते आणि मांडीला किंवा हाताला इजा होते. चांगल्या बनावटीच्या पुष्कळ चाकूंना म्हणूनच बटण अडविणारी वेगळी कळ असते. स्वस्त चाकूंना ती नसते किंवा ती ढिली असते. आत धूळ, कापसाचे तंतू किंवा खारट हवेचा गंज शिरला की कमान अर्ध्यावरच अडते, म्हणजे ऐन वेळी चाकू दगा देतो. शिवाय पेन्सिलीला टोक करणे, सुतळी कापणे, आंबा चिरणे या रोजच्या कामांत दोन क्षण वाचून काहीच साधत नाही. ही कामे साधा चाकू तितकीच चांगली करतो.

पण सर्वांत मोठा तोटा यांत्रिक नाही, तो माणसाच्या मनाशी निगडित आहे. भांडणात हात खिशाकडे गेला, तर साधा चाकू उघडण्यासाठी दोन्ही हात लागतात, नख खाचेत घालावे लागते. तेवढ्यात कोणी मधे पडतो, कोणी हात धरतो, किंवा भांडणाऱ्यालाच भान येते. खटक्याचा चाकू ही उसंत काढून घेतो. छत्रीच्या दोरीत अडकलेल्या सैनिकाला ती उसंत नको होती. रागावलेल्या माणसाला मात्र तिच्याइतकी दुसऱ्या कशाची गरज नसते. या चाकूचा गुण आणि त्याचा दोष ही दोन वेगळी अंगे नाहीत. एकच गोष्ट माणूस बदलला की बदलते.

कोकणात आणि गोव्यात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून हिंडणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आला आहे. त्याचे पाते खटक्याच्या चाकूपेक्षा किती तरी मोठे. तरी वाटेत भेटणाऱ्याला त्याचे भय वाटत नाही. कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि ते कशासाठी आहे हे सर्वांना ठाऊक असते. पात्याच्या लांबीपेक्षा त्याचे लपलेले असणे आणि अचानक प्रकट होणे याचीच माणसाला अधिक धास्ती वाटते.

कायद्याने मात्र या धास्तीचे माप यंत्राच्या रचनेत शोधले, आणि तेथेच त्याची पंचाईत झाली. अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक असलेला चाकू काढला. त्यात अंगठा घालून पाते एका हाताने, कमानीच्या मदतीवाचून, उघडता येते. पुढे थोडे ढकलताच उरलेले काम कमान करील असे चाकूही निघाले. ते खटक्याचे म्हणावे की साधे? अमेरिकेने २००९ मध्ये ते १९५८ च्या कायद्यातून वगळले. ब्रिटनने २०१९ च्या कायद्यात व्याख्या रुंद करून तशा चाकूंनाही बंदीत ओढले, आणि २०२१ पासून असे चाकू स्वतःच्या घरात ठेवणेही गुन्हा ठरविले. न्यूयॉर्कमध्ये मनगटाच्या झटक्याने उघडतो म्हणून साधा कामाचा चाकू बाळगणाऱ्या कष्टकऱ्यांनाही अटक होत असे. अखेर २०१९ मध्ये ते कलम रद्द करावे लागले. न्यू हॅम्पशायरने २०१० मध्ये आणि टेक्सासने २०१३ मध्ये खटक्याच्या चाकूवरील बंदी उठविली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर ऑगस्ट २०२४ मध्ये असा चाकू बाळगण्यावरील बंदी घटनेशी विसंगत ठरविली. दुसरीकडे, इतकी कडक बंदी असूनही इंग्लंडमध्ये चाकूने होणाऱ्या खुनांत स्वयंपाकघरातील सुरी हेच सर्वांत नेहमीचे हत्यार राहिले आहे, आणि सुरीवर बंदी घालणे कोणालाही शक्य नाही.

भारतातील स्थितीही पाहण्याजोगी आहे. आपल्याकडे या कथेतील मानियागोची जागा उत्तर प्रदेशातील रामपूरने घेतली. कारागिरीसाठी नावाजलेला रामपुरी चाकू हिंदी चित्रपटांतून दादा लोकांच्या हाती गेला, आणि मुंबईच्या बोलीत ‘रामपुरी’ हा शब्द एकटाच पुरेसा झाला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे २० फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. ज्या वस्तूने गावाची बदनामी झाली, तिच्यातील कारागिरीचा अभिमान गावाला सोडवला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले. घरगुती, शेतीच्या व धंद्याच्या कामाची हत्यारे त्यांतून वगळली. याखेरीज दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार, गरारीदार व इतर यांत्रिक चाकू, पाते ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असल्यास, निर्बंधाखाली आणले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ३ इंच. अमेरिकेच्या त्या एकहाती माणसाच्या कलमातील माप हेच, आणि ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने मिटणाऱ्या साध्या चाकूला दिलेली मोकळीकही ३ इंचांचीच. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आज महाराष्ट्रात व गुजरातेत आपापल्या नावाने चालू आहे. त्याच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम निघाला म्हणजे त्या मुदतीत चाकूच काय, काठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकतो. अर्थात एका गावी निर्धोक असलेला चाकू दुसऱ्या गावच्या स्टेशनावर उतरताच अडचणीचा होऊ शकतो, हे प्रवाशाने लक्षात ठेवलेले बरे.

या सर्व इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. कायदा कमानीकडे आणि इंचांकडे पाहतो, कारण त्याला माणसाच्या मनात शिरता येत नाही. पण चाकू खिशात टाकणाऱ्याला स्वतःच्या मनात शिरता येते. आपला दुसरा हात कामात खरोखर गुंतलेला असतो काय, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारावा. उत्तर होकारार्थी असेल, तर स्थानिक कायदा पाहून, चांगल्या बनावटीचा आणि आखूड पात्याचा चाकू त्याने अवश्य बाळगावा. एक हात गुंतलेल्या माणसासाठीच त्याचे मोल आहे. उत्तर नकारार्थी असेल, तर नखाने उघडावयाचा साधा चाकू त्याला पुरेसा आहे. तो उघडण्यास दोन क्षण अधिक लागतात, आणि एखाद्या वाईट दिवशी ते दोन क्षण दोघांचे आयुष्य वाचवू शकतात.