तार जाड हवी की महाग?

केबलवरचं भांडण हाय-फायवाल्यांनी सुरू केलेलं नाही. ते दीडशे वर्षांहून जुनं आहे, आणि ते सुरू झालं तेव्हा चांगल्या तारेवर जास्त पैसे खर्च करा म्हणणारा माणूस बरोबर होता. हे आधी सांगायला हवं, कारण माझ्यासारखे इंजिनिअर 'तार ती तार, तिच्यात काय ठेवलंय' असं म्हणून हा विषय उडवून लावतात. इतिहास इतका सोपा नाही.

१८५५ साली विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) गणिताने दाखवलं की समुद्राखालच्या केबलची लांबी दुप्पट केली तर संदेश चौपट रेंगाळतो. उपाय होता जाड तांबं आणि जाड आवरण. अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस पेशाने शल्यविशारद होता. त्याला हे मान्य नव्हतं. १८५८च्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं होतं. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला १६ तास लागले. व्हाइटहाउसने सुमारे २००० व्होल्टचे झटके देऊन पाहिले, आणि काही आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली. १८६६च्या यशस्वी केबलमध्ये तांबं मैलाला ३०० पौंड होतं. शिवाय बाजारातल्या वेगवेगळ्या तांब्यांची वाहकता खूप वेगवेगळी असते, हेही थॉमसनने मोजून दाखवलं होतं. म्हणजे शुद्ध तांब्याचा आग्रहही त्याचाच. ती केबल टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानेच १८७० साली मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली.

'मॅचिंग' हा शब्दही असाच खऱ्या गरजेतून आला. लांबलचक टेलिफोन लाइनच्या टोकाला जोडलेल्या यंत्राचा इम्पिडन्स लाइनशी जुळला नाही, तर सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो आणि बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणून टेलिफोनच्या जगात ६०० ओहमचा दंडक आला आणि तिथून तो रेडिओ स्टुडिओत शिरला. घरातल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही ४, ८, १६ ओहमची वेगळी टोकं असत. चुकीच्या टोकाला स्पीकर जोडला तर ताकद वाया जाई आणि आवाज बिघडे.

मग ट्रान्झिस्टर आला. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पिडन्स ओहमच्या एका लहान अंशाइतका असतो, त्यामुळे स्पीकरशी तो जुळवायची गरजच उरली नाही. लांबीचा मुद्दाही घरात लागू नाही. २० किलोहर्ट्झ म्हणजे माणसाच्या कानाची वरची मर्यादा. त्या सिग्नलची केबलमधली तरंगलांबी साधारण १० किलोमीटर भरते. दिवाणखान्यातल्या ३ मीटर तारेत प्रतिध्वनी कसला होणार?

गरज संपली, शब्द मात्र राहिला. आज दुकानात 'या अ‍ॅम्पला हा स्पीकर मॅच होतो' असं म्हणतात तेव्हा त्यातलं काही खरं असतं. एखाद्या स्पीकरचा इम्पिडन्स काही स्वरांना फार खाली उतरतो आणि लहान अ‍ॅम्पची दमछाक होते. तबकडीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो, आणि तारेच्या कपॅसिटन्सनेही त्याचा आवाज बदलतो. या गोष्टी आकड्यांत सांगता येतात. 'ही केबल आवाजाला ऊब देते' हे विधान मात्र कुठल्याच आकड्याला बांधलेलं नसतं.

स्पीकरची केबल ही वेगळी विकायची वस्तू झाली ती १९७९ साली नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल काढल्यानंतर. तोवर बहुतेक लोक दिव्याची साधी वायर वापरत. १९८३ साली 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने केबल लपवून चाचणी घेतली. २४ गेजची बारीक तार पिंक नॉइज वाजवल्यावर पकडली गेली. मॉन्स्टर आणि साधी १६ गेजची वायर यांतला फरक मात्र संगीत ऐकताना कुणाला खात्रीने सांगता आला नाही.

यामागचा हिशेब कागदावर करता येतो. अर्धा स्क्वेअर एमएमची वायर १० मीटर ओढली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम रोध होतो. स्पीकरचा इम्पिडन्स ४ ते २० ओहमच्या दरम्यान फिरत असेल, तर काही स्वर इतरांपेक्षा सुमारे १ डेसिबलने दबतात. हे कानाला कळू शकतं. तीच अडीच स्क्वेअर एमएमची ३ मीटर वायर घेतली तर हा फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी राहतो. म्हणजे जाडी आणि लांबी यांना महत्त्व आहे. थॉमसन इथेही बरोबरच ठरतो. फक्त त्या जाडीसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानापलीकडे जावं लागत नाही.

मग महाग केबल घेतलेल्या माणसाला जे ऐकू येतं ते काय? तो खोटं बोलतो असं मला वाटत नाही. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी त्याच ऐकणाऱ्यांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण पडद्याआड बदलले. अनुभवी ऐकणाऱ्यांचेही बदलले. आपण नुसत्या कानांनी ऐकत नाही. किंमत, चकाकी, विकणाऱ्याचा शब्द हे सगळं ऐकण्यात मिसळतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दोन पर्यायांची तुलना करताना वापरणाऱ्याला कुठला पर्याय कुठला ते सांगत नाही, ते याच कारणाने.

मला खुपतं ते दुसरंच. फरक ऐकू आला नाही की 'तुमचा कान अजून तयार नाही' असं सांगितलं जातं. गाणं ऐकायला बसलेला माणूस स्वतःच्या कानावर शंका घेऊ लागतो आणि ती शंका मिटवायला आणखी पैसे मोजतो. थॉमसनने कुणाच्या कानाला दोष दिला नव्हता. किती तांबं घातलं तर संदेश किती वेगाने जाईल, हे त्याने आधी मांडलं आणि समुद्राला तपासू दिलं. महाग केबल विकणाऱ्याकडे मागायचं तर एवढंच मागावं. त्याने केबल झाकावी, आवाजाची पातळी सारखी करावी आणि मग विचारावं. उत्तर देता आलं नाही, तर दोष आपल्या कानाचा नाही.