कसीदा ते गज्जल : एका संज्ञेचा प्रवास

मराठीतील गझलचर्चा बहुधा काफिया, रदीफ, मतला या परिभाषेपासून सुरू होते आणि तेथेच थांबते. गझल म्हणजे एक रचनाबंध, हे तीत गृहीत असते. अरबी काव्येतिहास या गृहीताला छेद देतो.

इस्लामपूर्व अरबस्तानातील प्रधान काव्यप्रकार कसीदा होय. दोन अर्धांचा बैत, प्रत्येक बैताअखेर एकच यमक आणि पहिल्या बैतात दोन्ही अर्धांना तेच यमक, हा त्याचा घाट. ओसाड मुक्कामाच्या खुणा पाहून प्रियेचे स्मरण (नसीब), मग प्रवासवर्णन, अखेर स्तुती वा आत्मगौरव, असा त्याचा क्रम रूढ झाला. उमय्या काळात हिजाझमधील उमर इब्न अबी रबीआ याच्यासारख्या कवींनी प्रणयाला स्वतंत्र कवितेचा विषय केले. अरबीतील 'गझल' ही संज्ञा या आशयाची आहे. निश्चित घाट तिला फारसीत लाभला. रदीफ आणि अखेरच्या शेरातील कविनाम हे संकेतही तेथेच स्थिरावले.

हा फारसी घाट दख्खनीत वली व सिराज औरंगाबादी यांनी समृद्ध केला. औरंगाबादेत वास्तव्य केलेल्या अमृतरायांच्या एका पदात अभ्यासकांना मराठी गझलेचा पूर्वावतार दिसतो. झरीसह सारा परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामी राजवटीत होता. तेथे उर्दू ही कारभाराची आणि शिक्षणाची भाषा असल्याने हा वारसा मराठवाड्याला परका नव्हता.

फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी 'गज्जलांजलि'त (१९३३) हा प्रकार मराठीत जाणीवपूर्वक रुजवला. त्याला अनुकूल भूमीही होती. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने अरबी वृत्तांची पंधरा प्रकारांत व्यवस्था लावली. पुढे सोळावे वृत्त मानले गेले. त्यांतील मुतकारिबाचा 'फऊलुन्' हा गण म्हणजे लघु-गुरु-गुरु, अर्थात यगणच. त्याच्या चार आवृत्तींनी भुजंगप्रयात सिद्ध होते, आणि 'मनाच्या श्लोकां'नी ते मराठी कानाला चिरपरिचित केले होते. भेद एवढाच की, अरबीत गणांना ठरावीक विकार चालतात; अक्षरगणवृत्तांत ती मुभा नाही.

सुरेश भटांच्या 'एल्गार'मध्ये (१९८३) सामाजिक असंतोष याच घाटातून प्रकटला. अरबीत जी संज्ञा घाटाविना केवळ प्रणयाशयाची होती, ती येथे प्रणयाविनाही घाटाच्या बळावर टिकून राहिली. म्हणूनच तंत्रशुद्धीची तपासणी गझलसमीक्षेचा आरंभ ठरेल, निष्कर्ष नव्हे. आशय आणि घाट यांचे नाते प्रत्येक भाषेने नव्याने जुळवले आहे. मराठीने ते कसे जुळवले, हा खरा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे.