सिएनाचा लोकांचा वाडा

वाडा म्हटला की राजा आलाच, अशी आपली समजूत असते. इटलीतील सिएना नगरीच्या मध्यचौकात मात्र कोणाही राजासाठी न बांधलेला एक प्रासाद उभा आहे. त्याचे नाव ‘पालाझ्झो पुब्लिको’, म्हणजे लोकांचा वाडा. १२९७ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. तेव्हा नगराची सत्ता नऊ जणांच्या मंडळाकडे होती. ते बहुतेक व्यापारी-सावकार. जुन्या सरदार घराण्यांना तेथे मज्जाव. मुदत अवघी दोन महिन्यांची, आणि तेवढे दिवस मुक्काम वाड्यातच!

सभागृहात सिमोने मार्तिनीने १३१५ साली रंगविलेली मेरीमाता आहे. पण श्रोत्यांना आम्ही नेऊ इच्छितो ते शेजारच्या, त्या नऊ जणांच्या बैठकीच्या दालनात. १३३८-३९ मध्ये आंब्रोजो लोरेन्झेत्तीने त्याच्या तीन भिंती रंगविल्या. विषय देवादिकांच्या कथांचा नव्हे, राज्यकारभाराचा. न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेल्या दोऱ्या एकोप्याच्या देवतेकडे येतात. तिच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा आहे. उंचसखल तासून सारखे करावयास दुसरे काय हवे? तिच्याकडून तो दोर चोवीस नागरिकांच्या हातांतून नगराचे प्रतीक असलेल्या वृद्धापर्यंत जातो. बाजूच्या भिंतीवर सुराज्याची फळे: गवंडी घर बांधीत आहेत, जोड्यांचे दुकान उघडे आहे, गुरुजी शिकवीत आहेत, वेशीबाहेर शेतीची कामे चालली आहेत. वेशीवर तरंगणाऱ्या ‘सुरक्षितते’च्या हाती मात्र फाशी आणि तिला लटकलेला माणूस! चित्रकार भाबडा नव्हता. समोरच्या भिंतीवर शिंगे असलेला जुलमी राजा, आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता.

कोणी म्हणेल, ही तर सत्ताधाऱ्यांची स्वतःचीच जाहिरात. आक्षेप खोटा नाही. चित्रातील कारागिराला त्या नऊ जणांत जागा नव्हती. तरीही आपल्या संभाव्य अधःपाताचे चित्र डोळ्यांसमोर काढवून घेऊन त्याच दालनात कारभारास बसणारे राज्यकर्ते आम्हांला इतिहासात फारसे भेटलेले नाहीत.

१३४८ च्या प्लेगने नगराची दैना केली. लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असे मानतात. १३५५ साली उठाव होऊन नऊ जणांची राजवट मोडली. १५५५ साली स्पेन व फ्लॉरेन्स यांच्या फौजांपुढे प्रजासत्ताकही शरण गेले. वाडा टिकला. आजही तेथून नगराचा कारभार चालतो, आणि तिकीट काढून कोणीही ही चित्रे पाहू शकतो. तीन भिंतींपैकी सर्वांत अधिक रंग गळाला आहे तो कुराज्याच्या भिंतीचा.