खांदेरीचा दिवा

गेल्या महिन्यात मी जलरंगात खांदेरीचं चित्र केलं. पुढे काळे खडक, त्यावर तटबंदी आणि टेकडीवर पांढरं दीपगृह. साताऱ्याच्या धाकट्या भावाला फोनवर पाठवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, "दादा, चित्र झकास! पण महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांचा दिवा कशाला? तेवढा काढून टाक की."

तो इतिहासाचा भक्त, त्यामुळे फोनवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आम्ही कृष्णाकाठची माणसं. सातारा जन्मगाव, नोकरी सांगलीकडे. पाणी म्हटलं की आम्हाला २००५ चा आणि २०१९ चा पूर आठवतो. समुद्र आमच्या वाट्याला आला तो सहलींपुरता. फेब्रुवारीत अलिबागला भाचीकडे गेलो होतो, तेव्हा थळच्या किनाऱ्यावरून होडीने खांदेरीला गेलो. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधव त्याला फार मानतात. चाकांच्या गाड्यांवरच्या जुन्या तोफा आहेत. दगड मारला की भांड्यासारखा वाजणारा एक खडकही आहे. तो वाजवून पाहिल्याशिवाय कोणी परत येत नाही.

या बेटाची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांना दीडशे माणसं आणि चार तोफा देऊन इथे पाठवलं आणि तट बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रज हादरले. बंदराच्या तोंडाशीच मराठ्यांची चौकी! त्यांनी बेटाला गलबतांचा वेढा घातला. ऑक्टोबरात लढाई झाली, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाज आपल्या हाती लागलं. त्यांची मोठी जहाजं पहारा देत राहायची आणि आपल्या लहान होड्या त्यांना चुकवून बेटावर सामान पोचवायच्या. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. जंजिऱ्याच्या सिद्दीने मात्र १६८० च्या जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराज गेले.

आता आमच्या साताऱ्याचा संबंध. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, पण कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते. त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं आणि आता ते साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली. तेव्हा बाळाजी विश्वनाथ मध्ये पडले. १७१३-१४ च्या सुमारास तह झाला. कान्होजी शाहूंचे सरखेल झाले आणि खांदेरीसह दहा किल्ले त्यांच्याकडे राहिले. एक घरचं भांडण बोलून मिटलं, म्हणून आरमार टिकलं. १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा खांदेरीवर आले, तेव्हा त्यांना हात हलवत परत जावं लागलं.

पेशवाई बुडाल्यावर, १८१८ मध्ये, बेट इंग्रजांकडे गेलं. १८६७ मध्ये तिथे दीपगृह उभं राहिलं. पंचवीस मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईचा कापूस जगभर गेला होता, गोदीत जहाजांची गर्दी वाढली होती. रात्री दक्षिणेकडून येणाऱ्याला इथले खडक दिसणं गरजेचं होतं.

म्हणजे बेटाचं काम फारसं बदललं नाही. महाराजांनी ते निवडलं मुंबईच्या वाटेवर नजर ठेवायला, आणि इंग्रजांनी दिवा लावला त्याच वाटेवर. जागा ओळखणारी नजर आधी आपली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. दीपगृह काढून टाकलं तर बेट इतकं मोक्याचं का होतं, तेच चित्रातून जाईल.

परतताना होडीवाल्याला विचारलं, हा दिवा इंग्रजांचा, मग तुम्हाला कसा वाटतो? तो हसला. म्हणाला, "गुरुजी, बांधला कुणी ते आम्ही कधी विचारलं नाय. रात्री घर कुठंशी हाय, ते त्याच्यावरून कळतं." आता त्या दीपगृहाला आणि बेटालाही कान्होजींचंच नाव आहे.

एक तांत्रिक अडचणही भावाला सांगायला हवी. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. दीपगृह मी रंगवलेलंच नाही, भोवतीचं आकाश रंगवलं आहे. जे लावलंच नाही ते पुसणार कसं?

असो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्याचा प्रतापगड आहे आणि खांदेरीही आहे. प्रतापगडावर आपली मुलं सहलीला जातातच. त्यांना एकदा समुद्रातला किल्लाही दाखवा. पावसाळा सोडून जा, भरतीची वेळ कोळ्यांना विचारा आणि तो वाजणारा खडक वाजवायला विसरू नका.