पौंडावर जगलेले फ्रान्समधले इंग्रज

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. लढाई नाही, तह नाही. विषय आहे पेन्शनीचा. फ्रान्समध्ये जाऊन राहिलेल्या इंग्रजांचा दोनशे वर्षांचा जमाखर्च आज मांडायचा आहे.

हे डोक्यात कसं आलं ते आधी सांगतो. आमची मुलगी बोर्दोला असते. मागे तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तिने विषय काढला, "बाबा, पुण्याचा फ्लॅट विका आणि तुम्ही दोघं इकडेच या." त्याच आठवड्यात आम्ही दोर्दोन्य भागात फिरायला गेलो. तिथल्या एमे नावाच्या गावात आठवडी बाजार भरतो. बाजारात फ्रेंचइतकंच इंग्रजी कानावर पडत होतं. कॉफी पिताना शेजारच्या टेबलावर एक म्हातारा भेटला. ब्रिटिश फौजेतला निवृत्त सार्जंट. मी कर्नल म्हणून निवृत्त झालो, पण पेन्शनर पेन्शनरला लगेच ओळखतो. पाच मिनिटांत आम्ही हिशोबावर आलो.

तो म्हणाला, "मी २००२ साली इथे घर घेतलं तेव्हा एका पौंडाला दीड युरोहून जास्त मिळायचे. २००८ संपताना जेमतेम एक मिळत होता. पेन्शन तीच, घर तेच, पाव तोच. मी मात्र सहा वर्षांत गरीब झालो." हे वाक्य मनात राहिलं. घरी येऊन वाचायला लागलो, तर दिसलं की हे दुखणं जुनंच आहे.

सुरुवात १८१६ पासून करू. लंडनमध्ये बो ब्रमेल नावाचा गृहस्थ होता. पोशाखाच्या बाबतीत युवराजसुद्धा त्याचा शब्द मानायचे. जुगारात आणि उधारीत तो बुडाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही तर तुरुंग ठरलेला. म्हणून तो मे महिन्यात खाडी ओलांडून कॅलेला पळाला. इंग्लिश सावकाराचा हात तिथे पोचत नव्हता. पण ब्रमेलने कॅलेतही उधारीच केली. पुढे १८३० साली मित्रांनी खटपट करून त्याला नॉर्मंडीतल्या काँ शहरात ब्रिटिश वकिलाची नोकरी मिळवून दिली, तर पगाराचा मोठा हिस्सा कॅलेच्या देणेकऱ्यांकडे आधीच गहाण. दोन वर्षांत ते पदच रद्द झालं. १८३५ साली कर्जापायी त्याला अटक झाली, तीही फ्रेंच तुरुंगात. १८४० मध्ये काँमधल्याच वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. देश बदलला, सवय बदलली नाही. परक्या गावात जामीन राहायला भाऊबंदही नव्हते.

ब्रमेलसारखे कर्जबुडवे थोडे. जास्त होते ते अर्धपगारी अधिकारी. वॉटर्लूनंतर ब्रिटिश फौज कमी झाली आणि हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. लंडनमध्ये त्या पैशात इभ्रतीने राहणं कठीण होतं. बूलोनमध्ये घरभाडं, वाईन, मोलकरीण, मुलांची शिकवणी सगळंच स्वस्त. समोर खाडी, म्हणजे मायदेश बोटीच्या टप्प्यात. थॅकरे या कादंबरीकाराचा जन्म कलकत्त्याचा. त्याच्या 'व्हॅनिटी फेअर'ची नायिका बेकी शार्प इंग्लंडमध्ये बदनाम झाल्यावर बूलोनलाच येते. वाचकांना तेव्हा ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

इथे आपलाही धागा जोडलेला आहे. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले काही अधिकारीही अशाच स्वस्त फ्रेंच गावांत बिऱ्हाड करत. त्यांची पेन्शन हिंदुस्थानच्या महसुलातून, पण पौंडात, लंडनमार्फत दिली जाई. याला 'होम चार्जेस' म्हणत. १८७० च्या सुमारास रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता. चांदी घसरली आणि १८९० च्या दशकात तो सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. पेन्शन पौंडात ठरलेली, म्हणजे तेवढीच पेन्शन द्यायला हिंदुस्थानच्या तिजोरीतून कितीतरी जास्त रुपये जायचे. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या गळतीचा हिशोब मांडला, त्यात ही पेन्शनही होती. हुंडणावळीचा फटका साहेबाला बसला नाही. तो शेतसारा भरणाऱ्या आपल्या पणजोबांना बसला.

आता दक्षिणेला, भूमध्य समुद्राकाठी जाऊ. तिथे श्रीमंत इंग्रज थंडी टाळायला जात. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. ते फ्रान्सकडे आलं १८६० साली. १८२० च्या कडक हिवाळ्यानंतर तिथे बेकारी वाढली. तेव्हा लुईस वे या पाद्र्याच्या पुढाकाराने इंग्रजांनी वर्गणी काढली आणि बेकारांना काम म्हणून समुद्रकाठी रस्ता बांधून घेतला. तोच आजचा 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. पैसा आणणारा पाहुणा कोणालाही आवडतो.

पैशाची खरी मौज आली पहिल्या महायुद्धानंतर. १९१४ पूर्वी एका पौंडाला साधारण २५ फ्रँक मिळत. फ्रँक कोसळत गेला आणि जुलै १९२६ मध्ये पौंडाला २४० च्या आसपास फ्रँक मिळू लागले. तिथल्या किमतीही चढत होत्या, पण फ्रँक त्याहून वेगाने पडत होता. लंडनमधला साधा पेन्शनर फ्रान्समध्ये साहेब झाला. त्याच वेळी फ्रेंच मध्यमवर्गाची बचत वितळत होती आणि परदेशी पाहुण्यांवरचा त्यांचा रागही वाढत होता. मग पंतप्रधान प्वांकारे यांनी फ्रँक सावरला आणि दर १२४ च्या आसपास बसला.

ज्यांनी त्या दरावर आयुष्य आखलं, त्यांचं पुढे काय झालं पहा. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं. फ्रान्स मात्र सोन्याला चिकटून राहिला. काही महिन्यांत पौंडाची किंमत पाव हिश्शाहून जास्त घसरली. लंडनमधल्या एका निर्णयाने किनाऱ्यावरच्या हजारो घरांचं अंदाजपत्रक कोलमडलं. अनेकांनी सामान बांधलं.

जे राहिले त्यांना १९४० आलं. जूनमध्ये फ्रान्स पडला. कानच्या बंदरातून कोळसा वाहणाऱ्या दोन बोटींतून, 'सॉल्टर्सगेट' आणि 'ॲशक्रेस्ट'मधून, सुमारे तेराशे इंग्रज निघाले. लेखक सॉमरसेट मॉम त्यांतलाच एक. घरदार, चित्रं, बागा मागे टाकून माणसं कोळशाच्या धुळीत बसून निघाली. उत्तरेला ल तुकेत विनोदी लेखक वुडहाऊस घर करून राहिला होता. त्याला वेळेत निघता आलं नाही. जर्मनांनी त्याला स्थानबद्ध केलं.

युद्धानंतर ब्रिटनने परकीय चलनावर कडक बंधनं घातली. १९६६ ते १९७० या काळात ब्रिटिश माणसाला परदेश प्रवासासाठी वर्षाला फक्त ५० पौंड नेता येत. आपल्या पिढीला हे सांगायला नको. परदेशी जाताना मोजून मिळणारे डॉलर आपणही पाहिले आहेत. ब्रिटनमधली ही बंधनं पूर्ण उठली ऑक्टोबर १९७९ मध्ये. त्यानंतर लाट आली. १९८९ साली पीटर मेल यांचं 'अ इयर इन प्रोव्हान्स' आलं, १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा उघडला, मग स्वस्त विमानं सुरू झाली. माझा सार्जंट याच लाटेतला.

त्याने मला कागदोपत्री बाजूही समजावली. ब्रिटिश सरकारी वृद्धापकाळ पेन्शन फ्रान्समध्ये राहणाऱ्याला दरवर्षी वाढून मिळते. तोच माणूस भारतात किंवा ऑस्ट्रेलियात राहिला, तर ती गोठते. त्या पेन्शनीवर कर फ्रान्सला, पण त्याच्या लष्करी पेन्शनीवरचा कर ब्रिटनला. औषधोपचाराचा भार 'एस-१' नावाच्या एका फॉर्मवर ब्रिटन उचलतो. आणि घर मुलांना टाळून दुसऱ्याला सहजासहजी देता येत नाही. फ्रेंच कायदा मुलांचा हिस्सा राखून ठेवतो. एक मूल असेल तर निम्मा, दोघं असतील तर दोन तृतीयांश. दुसरं लग्न केलेल्या कितीतरी इंग्रजांना हे घर घेतल्यावर कळलं.

मग २३ जून २०१६ चं सार्वमत. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत फ्रान्समध्ये नियमाने राहत असलेल्यांचे हक्क टिकले, फक्त नवं कार्ड काढावं लागलं. पण ज्यांचं तिथे फक्त सुट्टीतलं घर होतं, ते आता १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकतात. स्वतःच्या घराचे कर भरायचे आणि दिवस मोजून राहायचं. जास्त राहायचं तर व्हिसा, उत्पन्नाचा दाखला, आरोग्य विमा.

सार्जंट हसून म्हणाला, "कर्नल, आता आमचे लोकही तुमच्याच रांगेत आले." मी म्हटलं, "नाही, तुम्हाला अजून व्हिसाशिवाय येता येतं. आम्ही मुंबईत बोटांचे ठसे देऊन आलोय."

फौजेत पुढे सरकण्याआधी आम्ही रसदीचा रस्ता बघतो. या लोकांच्या कथेत मला तेच दिसलं. रसद येत होती एका देशातून आणि मुक्काम होता दुसऱ्या देशात. मधला रस्ता कधी हुंडणावळीने तुटला, कधी युद्धाने, कधी मतपेटीने. त्यातल्या कुठल्याच गोष्टीवर त्या घरातल्या माणसाचा ताबा नव्हता.

म्हणून ज्यांना मुलांनी परदेशी कायमचं बोलावलंय, त्यांनी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. पैसा कोणत्या चलनात येणार आणि खर्च कोणत्या चलनात होणार? राहण्याचा परवाना कोणाच्या हातात आहे? आजारी पडलो तर बिल कोण भरणार? एकाही प्रश्नाचं उत्तर "मुलगी बघेल" असं असेल, तर मुलीशी आधी मोकळेपणाने बोला. आम्ही बोललो. ती थोडी रडली, मग तिनेच वही काढून आकडे मांडले. माझी पेन्शन रुपयांत, तिथला दवाखाना युरोत. ठरलं असं की पुण्याचा फ्लॅट राहणार आणि आम्ही वर्षातून एकदा, नव्वद दिवसांच्या आत, नातवाकडे जाऊन येणार.

तुमच्या घरी हा प्रश्न कसा सुटला, तेही मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.