गोकर्ण आणि गणेशवेल : बियांपासून फुलांपर्यंत

परसबागेतील बहुतेक फुलवेली फांदी लावून किंवा दाब कलमाने वाढवल्या जातात. जाई, जुई, मधुमालती, बोगनवेल यांच्याबाबत हीच रीत रूढ आहे. गोकर्ण आणि गणेशवेल मात्र बियांपासून सहज येतात आणि पहिल्याच पावसाळ्यात फुलू शकतात. तरीही ‘बी पेरले, पण उगवलेच नाही’ ही तक्रार या वेलींबाबत नेहमीची असते. अशा वेळी अनेकदा बी निकामी झालेले नसते. त्याचे टणक कवच पाणी आत शिरू देत नाही, एवढेच.

गोकर्ण ही शेंगवर्गीय, बहुवर्षायू वेल आहे. निळ्याप्रमाणेच तिचा पांढऱ्या फुलांचा प्रकारही प्रसिद्ध असून दोन्ही फुले पूजेत वापरली जातात. तिच्या शास्त्रीय नावातील ‘टर्नेटिया’ हा शब्द इंडोनेशियातील टर्नेट बेटावरून आला आहे. गणेशवेल रताळ्याच्या कुळातील, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. तिची पाने पिसासारखी चिरलेली आणि फुले लाल, पाच टोकांच्या चांदणीच्या आकाराची असतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. ही वेल एकवर्षायू आहे.

पेरणीपूर्वी

बी कोरडे असतानाच त्याची एक बाजू पॉलिश पेपरवर हलकेच घासावी. बी शेंगेला जोडलेले असते ती खूण, म्हणजे बियाचा डोळा, सोडून विरुद्ध बाजू निवडावी. कवचाखालचा फिकट भाग दिसू लागताच थांबावे. त्यानंतर बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवाव्यात. सकाळी फुगलेल्या बिया लगेच पेराव्यात. न फुगलेल्या फेकून न देता, कोरड्या करून पुन्हा घासाव्यात आणि भिजवाव्यात.

पेरणी आणि आधार

गोव्यात जूनच्या आरंभीचा पाऊस पेरणीस अनुकूल असतो. मात्र मुसळधार सरींत बी वाहून जाते किंवा कुजते. म्हणून सुरुवात पागोळ्यांपासून दूर, तळाला भोके असलेल्या कुंडीत करावी. जांभ्याच्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. बी साधारण एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. गणेशवेल बहुधा आठवडाभरात उगवते, गोकर्णाला एक ते दोन आठवडे लागतात. गोकर्णाचे सोटमूळ दुखावले तर रोप मागे पडते, त्यामुळे बी कायमच्या जागी किंवा कागदी पेल्यात पेरणे उत्तम.

दोन्ही वेली तणावे फुटून चढत नाहीत. त्यांचे खोडच आधाराभोवती वेढे घेते. म्हणून सपाट भिंत किंवा जाड खांब उपयोगी पडत नाही. सुतळी, बारीक तार, बांबूच्या कामट्या किंवा जाळीचे कुंपण हवे, आणि तेही रोप वीतभर होण्यापूर्वी उभे करावे.

निगा

रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर फुले कमी येतात. गोकर्णाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात. त्यामुळे युरियासारखे खत टाळावे. नत्र अधिक झाल्यास पाला माजतो आणि फुले रोडावतात. कोवळ्या शेंगा खुडत राहिल्यास बहर लांबतो.

सावधगिरी आणि बियाणे

गणेशवेलीच्या बिया खाण्यास विषारी असतात, म्हणून भिजत घातलेल्या बियाही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ही वेल सांडलेल्या बियांतून आपोआप पसरते आणि शेजारच्या झाडांवर चढून त्यांचा उजेड अडवते. त्यामुळे तिची फळे पिकून फुटण्यापूर्वी काढून घ्यावीत.

गोकर्णाच्या शेंगा तपकिरी, कोरड्या झाल्या की तडकण्याआधी तोडाव्यात. सावलीत वाळवलेल्या बिया घट्ट झाकणाच्या बाटलीत, वेलीचे नाव आणि महिना लिहून ठेवाव्यात. पावसाळी दमटपणापासून जपल्या, तर पुढील जूनमध्ये बियाणे विकत घ्यावे लागत नाही.